खऱ्या गावाचे खेळणे

टेकडीवरून घेतलेले एखाद्या गावाचे छायाचित्र तुमच्यापुढे आहे असे समजा. आमच्या देवरूखचेच घ्या. कौलारू छपरे, एस.टी. स्थानकात उभ्या असलेल्या लाल गाड्या, बाजारातून चाललेली माणसे आणि मागे सह्याद्रीची निळसर रांग. आता या चित्राच्या मधला एक आडवा पट्टा तेवढा रेखीव ठेवायचा आणि त्याच्या वरचा व खालचा भाग अंधूक करून टाकायचा. हल्ली मोबाईलवर हे काम अर्ध्या मिनिटात होते. एवढे केले की एक गंमत घडते. गाव तेच, गाड्या त्याच, माणसेही तीच, पण पाहणारा चटकन म्हणतो, "अरे, ही तर कुणीतरी बनवलेली प्रतिकृती आहे!" एस.टी.ची गाडी काड्यापेटीएवढी वाटू लागते आणि बाजारातली माणसे दिवाळीतल्या किल्ल्यावरच्या मावळ्यांएवढी.

या प्रकाराबद्दल मोठ्या माणसांची दोन मते ऐकू येतात. काही म्हणतात, ही निव्वळ करमणूक आहे, तिच्यात शिकण्यासारखे काय असणार? काही म्हणतात, ही फसवणूक आहे, मुलांना असले उद्योग शिकवू नयेत. मला ही दोन्ही मते पटत नाहीत. माझे म्हणणे असे, की छायाचित्रातला अंधूकपणा हे अंतराचे एक मोजमाप आहे. ते मोजमाप कसे तयार होते हे ज्याला समजले, त्याला ते खोटे कसे तयार करतात हेही समजते आणि खोटे पकडायचे कसे हेही. म्हणून हा खेळ प्रत्येक शाळेत एकदा तरी खेळला जावा. मात्र जिथे छायाचित्र पुरावा म्हणून वापरले जाणार असेल, तिथे त्याला हात लावू नये. असे मी का म्हणतो, ते आता पायरीपायरीने पाहू.

अंगठा आणि टाचणीचे भोक

प्रथम एक सोपा प्रयोग करा. एक डोळा मिटा. दुसऱ्या डोळ्यासमोर साधारण एका वितीवर अंगठा धरा आणि अंगठ्याच्या नखाकडे टक लावून पाहा. नख स्पष्ट दिसेल, पण मागची खिडकी, झाड, भिंतीवरचे कॅलेंडर पुसट होईल. आता नजर खिडकीवर न्या. खिडकी स्पष्ट होईल आणि अंगठा पुसट होईल. दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत.

आता हाच अंगठा हात पूर्ण लांब करून धरा. मागची वस्तू आता पूर्वीइतकी पुसट दिसत नाही. म्हणजे वस्तू डोळ्याच्या जितकी जवळ, तितका तिच्या मागेपुढे अंधूकपणा जास्त. आपण जन्मापासून हे पाहत आलो आहोत. म्हणून पुढेमागे बराच अंधूकपणा दिसला, की मेंदू कोणालाही न विचारता निष्कर्ष काढतो: वस्तू जवळ आहे. जवळ असूनही ती डोळ्यात एवढीशीच जागा व्यापते, तर ती लहानच असली पाहिजे. अंधूक कडांच्या चित्रात गाव खेळण्यातले दिसते ते या निष्कर्षामुळे. डोळा बिघडलेला नसतो आणि मेंदूचे तर्कशास्त्रही चुकलेले नसते. त्याला पुरवलेली माहिती तेवढी खोटी असते.

प्रयोगाचा दुसरा भाग असा. एका जाड कागदाला टाचणीने भोक पाडा आणि ते डोळ्याला अगदी चिकटवून त्यातून पाहा. पुन्हा अंगठा जवळ धरा. प्रकाश कमी झालेला दिसेल, पण अंगठा आणि खिडकी यांतला स्पष्टपणाचा फरक बराच कमी झालेला असेल. याचा अर्थ, अंधूकपणा दोन गोष्टींवर अवलंबून असतो. एक, वस्तूंची अंतरे. दुसरी, प्रकाश ज्या छिद्रातून आत येतो त्याची रुंदी. डोळ्यात हे छिद्र म्हणजे बाहुली. कॅमेऱ्यात ते भिंगामागच्या झडपेचे छिद्र.

थोडे गणित

गणिताला घाबरू नका, हे आठवीच्या अपूर्णांकांपलीकडे जात नाही. आपण ज्या वस्तूकडे रोखून पाहत आहोत ती सोडून दुसऱ्या एखाद्या वस्तूवरचा बिंदू डोळ्याला बिंदू म्हणून दिसत नाही, तर लहानशा तबकडीसारखा पसरट दिसतो. डोळ्यापासून १ मीटर अंतरावर मोजली तर ही तबकडी किती रुंद भासेल, याचा नियम असा:

तबकडीची रुंदी = छिद्राचा व्यास × (१ भागिले जवळचे अंतर, वजा १ भागिले दूरचे अंतर)

अंतरे मीटरमध्ये आणि व्यास मिलिमीटरमध्ये घेतला, की उत्तर मिलिमीटरमध्ये येते. बाहुलीचा व्यास ४ मिलिमीटर धरू. समोर ५० मीटरवर एक घर आहे आणि १०० मीटरवर एक टेकाड. घराकडे पाहताना टेकाड किती पुसट दिसेल?

४ × (१/५० − १/१००) = ४ × ०.०१ = ०.०४ मिलिमीटर.

चांगल्या डोळ्याला १ मीटर अंतरावरून सुमारे ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखता येत नाही. तेव्हा ०.०४ मिलिमीटरची तबकडी आपल्या दृष्टीने बिंदूच. घर आणि टेकाड दोन्ही स्पष्ट दिसतात.

आता याच देखाव्याची शंभरपट लहान प्रतिकृती टेबलावर मांडू. घर अर्ध्या मीटरवर आले, टेकाड १ मीटरवर. कोनांच्या हिशेबाने देखावा डोळ्याला अगदी पहिल्याइतकाच मोठा दिसतो. पण तबकडी?

४ × (१/०.५ − १/१) = ४ × १ = ४ मिलिमीटर.

अंधूकपणा नेमका शंभरपट वाढला! आता टेकाड उघडउघड पुसट दिसणार. खरा देखावा आणि प्रतिकृती यांच्यात डोळ्याला सापडणारा मोठा फरक आहे तो हा.

उलट बाजूने विचार करा. खऱ्या देखाव्यात ४ मिलिमीटरची तबकडी हवी असेल तर छिद्र केवढे लागेल? शंभरपट मोठे, म्हणजे ४० सेंटीमीटर. परातीएवढी बाहुली असलेला एखादा राक्षस देवरूखच्या टेकडीवर येऊन बसला, तर त्याला आपले गाव जसे दिसेल, तसे ते त्या चित्रात दिसते. राक्षसाला गाव खेळण्याएवढे वाटणार यात नवल ते काय?

अंधूकपणा एकटा मात्र हे काम पुरेसे करीत नाही. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली हा विषय तपासला. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा, की अंधूकपणावरून अंतरांचे प्रमाण कळते, आणि त्याला रस्त्यांच्या जवळ येत जाणाऱ्या कडांसारख्या, म्हणजे यथार्थदर्शनाच्या खुणांची जोड मिळाली, तर डोळा प्रत्यक्ष अंतराचाही अंदाज बांधतो. म्हणून ही युक्ती सगळ्याच चित्रांवर सारखी चालत नाही. वरून, तिरक्या कोनातून घेतलेले चित्र तिला सर्वांत मानवते. कारण अशा चित्रात खालच्या कडेकडून वरच्या कडेकडे जाताना अंतर क्रमाने वाढत जाते, आणि आडव्या पट्ट्यांनी दिलेला खोटा अंधूकपणा खऱ्याच्या जवळपास येतो. शिवाय टेबलावरची प्रतिकृती आपण नेहमी वरूनच पाहतो. रंग थोडे भडक केले की आभास आणखी पक्का होतो, कारण खेळण्यांचे रंग भडक असतात.

नकाशे काढणाऱ्याचे भिंग

ही युक्ती मोबाईलबरोबर जन्माला आलेली नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्यात थिओडोर शाइमप्फ्लुग नावाचे एक कॅप्टन होते. आकाशातून घेतलेल्या तिरक्या छायाचित्रांवरून अचूक नकाशे कसे काढावेत, हा त्यांचा ध्यास. भिंग आणि पडदा एकमेकांना समांतर न ठेवता तिरपे ठेवले, तर समोरचे कोणते प्रतल रेखीव उमटेल याचा नियम त्यांनी १९०४ सालच्या आपल्या पेटंटात मांडला. फ्रान्सच्या ज्यूल कार्पांत्ये यांनी त्याआधी, १९०१ साली, याच दिशेने काम केले होते आणि त्याचे श्रेय शाइमप्फ्लुग यांनी त्यांना दिले. आज तो नियम शाइमप्फ्लुग यांच्या नावाने ओळखला जातो.

या नियमाचा एक भाग तुम्हाला घरी पाहता येईल. वाचायचे साधे भिंग घ्या. खोलीत अंधार करून एकच खिडकी उघडी ठेवा आणि समोरच्या भिंतीजवळ उभे राहून, भिंगाने बाहेरच्या झाडांची व घरांची उलटी प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडा. कागद भिंगाला समांतर असताना प्रतिमा बरीचशी रेखीव असते. आता भिंग न हलवता कागद हळूहळू तिरपा करा. मधला एक पट्टा रेखीव राहील आणि त्याच्या दोन्ही बाजू पुसट होतील. मोबाईल ज्या चित्राची नक्कल करतो, ते चित्र तुमच्या हातातल्या कागदावर आलेले आहे. त्यासाठी वीज लागली नाही की यंत्र लागले नाही.

भिंग तिरपे करता येणारे आणि बाजूला सरकवताही येणारे ३५ मिलिमीटरचे भिंग कॅनन कंपनीने १९७३ साली बाजारात आणले. उंच इमारतींची चित्रे घेणाऱ्यांना त्याचा मोठा उपयोग झाला. इटलीचे छायाचित्रकार ओलिव्हो बार्बिएरी यांनी २००३ पासून हेलिकॉप्टरमधून शहरांची अशी चित्रे घेतली आणि जगभर लोक खऱ्या शहरांकडे खेळणी समजून पाहू लागले. ज्या नियमाचा उपयोग जमिनीचे खरे माप मिळवण्यासाठी करायचा होता, तोच नियम माप चुकवण्यासाठीही उपयोगी पडला! विज्ञानाच्या बाबतीत असे वारंवार घडते. नियम तटस्थ असतो. तो कशासाठी वापरायचा हे वापरणारा ठरवतो.

मोबाईलच्या कॅमेऱ्यातले छिद्र सुमारे ३ मिलिमीटर व्यासाचे असते. एवढ्याशा छिद्राने दूरच्या देखाव्यात अंधूकपणा येणे शक्य नाही, हे आता तुम्हीच गणिताने सांगू शकाल. म्हणून तिथे अंधूकपणा आकडेमोड करून मागाहून घातलेला असतो.

उलटा खेळ: दिवाळीचा किल्ला

मोठ्याचे लहान करता येते, तसे लहानाचे मोठेही करता येते. दिवाळीत तुम्ही अंगणात मातीचा किल्ला करता. त्याचे छायाचित्र उभे राहून वरून काढले, तर तो मातीचा ढीग दिसतो. आता पोटावर पालथे पडा, मोबाईल मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा आणि चित्र घ्या. फरक लगेच दिसेल. पण जवळ जाल, तर मागचा बुरूज पुसट होऊन बिंग फुटेल. मावळा ३० सेंटीमीटरवर आणि बुरूज ६० सेंटीमीटरवर असेल, तर वरच्या नियमाने तबकडी ३ × (१/०.३ − १/०.६), म्हणजे ५ मिलिमीटर येते. तेच मावळा ३ मीटरवर राहील इतके मागे सरकून चित्र घेतले, तर बुरूज ३.३ मीटरवर राहतो आणि तबकडी ०.०९ मिलिमीटरवर येते. मावळा पूर्वीएवढा दिसावा म्हणून हे चित्र दहापट मोठे केले, तरी ती ०.९ मिलिमीटर, म्हणजे पहिल्यापेक्षा पाचपटीहून लहान. मागे सरका, मग चित्र मोठे करा. किल्ला प्रचितगडाएवढा नाही तरी किल्ल्यासारखा दिसू लागेल.

चित्रपटवाले प्रतिकृती वापरून मोठी दृश्ये उभी करतात तेव्हा त्यांना हेच करावे लागते. छिद्र लहान ठेवायचे आणि प्रकाश भरपूर घ्यायचा. शिवाय त्यांना वेळेचाही हिशेब करावा लागतो. कोकण रेल्वेचा रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरील पूल ६४ मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावरून दगड सोडला, तर हवेचा विरोध सोडून दिल्यास तो सुमारे ३.६ सेकंदांत खाली पोहोचेल. याच पुलाची शंभरपट लहान प्रतिकृती ६४ सेंटीमीटरची होईल आणि तिच्यावरून खडा ०.३६ सेकंदात पडेल. लांबी शंभरपट घटली, वेळ मात्र दहापटच घटला, कारण पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून प्रतिकृतीची चित्रफीत दहापट सावकाश दाखवली तर ती मोठ्या वस्तूची वाटते, आणि खऱ्या गावाची चित्रफीत भरभर पळवली तर गाव खेळण्यातले वाटते.

पाणी मात्र कोणालाच दाद देत नाही. थेंबाचा आकार पृष्ठताण ठरवतो. त्याला प्रतिकृतीचे प्रमाण ठाऊक नसते. शंभरपट लहान धबधब्यातला ५ मिलिमीटरचा थेंब पडद्यावर अर्धा मीटर जाडीचा दिसेल! आमच्या मार्लेश्वरच्या धबधब्याच्या चित्रावर कडा पुसट करण्याचा प्रयोग केलात, तर उलट अनुभव येईल. पाण्याचे तुषार इतके बारीक असतात की हा धबधबा खेळण्यातला नाही हे ते लगेच सांगून टाकतात.

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्याआधी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीची एक छोटी चित्रफीत केली होती. रोपाची चित्रे ठरावीक काळाने घेत राहायचे आणि ती सलग दाखवायची, म्हणजे कित्येक दिवसांची वाढ क्षणांत डोळ्यांसमोर घडते. हीसुद्धा युक्तीच. पण रोप इतक्या वेगाने वाढत नाही हे पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते, आणि जे एरवी दिसले नसते ते त्याला दिसले. युक्तीने ज्ञानात भर पडली. म्हणून युक्ती म्हणजे लबाडी, असे मी मानत नाही. पाहणाऱ्याला ती युक्ती आहे हे ठाऊक आहे की नाही, हा खरा प्रश्न.

अठरा मीटरचा हत्ती पाटीवर

हा प्रश्न आपल्या दारापर्यंत कसा येतो ते पाहा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर प्राचीन काळी कोरलेली कातळशिल्पे आहेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळी येथील हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. २०२२ साली कोकणातल्या अशा निवडक स्थळांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. ही शिल्पे जमिनीवर आडवी आहेत. जमिनीवर उभे राहून एवढी मोठी आकृती एका नजरेत मावत नाही, त्यामुळे ती वरून घेतलेल्या छायाचित्रातच नीट कळते. ज्याला कशेळीला जाता येणार नाही, त्याच्यासाठी ते छायाचित्र हेच शिल्प.

आता अशा चित्राच्या वरच्या आणि खालच्या कडा कोणी हौसेने पुसट केल्या तर? सपाट जमीन, वरून घेतलेले चित्र, माणूस किंवा झाड जवळ नाही. युक्तीला याहून अनुकूल देखावा मिळणार नाही. अठरा मीटरचा हत्ती पाटीवर पेन्सिलीने काढलेल्या हत्तीएवढा वाटेल. ज्यांनी तो कोरला त्यांचे कष्ट, त्यामागची कल्पना, एवढ्या मोठ्या आकृतीची प्रमाणे राखण्याचे त्यांचे कौशल्य, सगळे एका पुसट कडेत नाहीसे होईल. "एवढ्याशा रेघोट्या तर आहेत, त्या कशाला जपायच्या?" असे कोणाला वाटले तर दोष कोणाचा? म्हणूनच पुरातत्त्वाचे आणि भूशास्त्राचे अभ्यासक चित्र घेताना वस्तूशेजारी मोजपट्टी, हातोडा, निदान एखादे नाणे ठेवतात. मापाशिवाय चित्र ही अर्धी नोंद असते.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. अशा वेळी लोकांनी घेतलेली छायाचित्रे पुढे उपयोगी पडू शकतात. पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, कोणत्या खिडकीला लागले, यावरून पुराची पातळी ठरवता येते. असे चित्र सजवण्यासाठी कडा पुसट केल्या, तर नेमक्या त्या खुणा बुजतात. आणि माणुसकीचा प्रश्न तर आहेच. छपरावर मदतीची वाट पाहणारा माणूस मावळ्याएवढा दिसू लागला, की त्याच्या संकटाचा खेळ होतो.

कोणी म्हणेल, "सर, पण छायाचित्र कधी पूर्ण खरे असते का? काय घ्यायचे आणि काय वगळायचे हे घेणाराच ठरवतो ना?" आक्षेप योग्य आहे. चौकट निवडणे, क्षण निवडणे, यात घेणाऱ्याचा हात असतोच. पण त्या चौकटीत जे आले आहे, त्याचा अंधूकपणा प्रकाशाच्या नियमाने ठरलेला असतो. त्यावरून मागाहून अंतराविषयी काही शोधता येते. आकडेमोडीने घातलेल्या अंधूकपणावरून मात्र देखाव्याविषयी काही शोधता येत नाही. चौकट निवडणे म्हणजे साक्षीदाराने थोडेच बोलणे. अंधूकपणा बदलणे म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालणे.

खोटे कसे पकडावे?

यासाठी तीन खुणा लक्षात ठेवा.

पहिली खूण उभ्या वस्तूंची. पट्ट्याने केलेला अंधूकपणा चित्रातल्या ओळीप्रमाणे जातो, अंतराप्रमाणे नाही. चित्राच्या मध्यभागी एखादा माड असेल, तर दुरून पाहताना त्याचा बुंधा आणि शेंडा आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. साध्या कॅमेऱ्याच्या चित्रात दोन्ही सारखेच रेखीव दिसायला हवेत. बुंधा रेखीव आणि झावळ्या पुसट दिसल्या, तर कोणाची तरी करामत आहे. खरोखरीचे तिरपे भिंग वापरले असेल तरीही असे दिसते, पण तीही करामतच. देवळापुढची दीपमाळ, विजेचा खांब, मोबाईलचा मनोरा, सगळ्यांना हीच कसोटी लावा.

दुसरी खूण कडांची. मोबाईल जेव्हा माणूस रेखीव आणि पार्श्वभूमी पुसट करतो, तेव्हा कोणता भाग पुढचा आणि कोणता मागचा हे तो अंदाजाने ठरवतो. हा अंदाज केस, चष्म्याची काडी, सायकलच्या चाकातल्या तारा अशा ठिकाणी हमखास डळमळतो. तारांमधून दिसणारी मागची भिंत रेखीव आणि चाकाबाहेरची तीच भिंत पुसट दिसली, तर समजून जा.

तिसरी खूण दिव्यांची. खऱ्या भिंगात दूरचा दिवा अंधूक झाला की त्याची ठसठशीत तेजस्वी तबकडी होते आणि तिचा आकार छिद्राच्या आकाराशी जुळतो. आकडेमोडीच्या साध्या अंधूकपणात बऱ्याचदा त्या जागी नुसता फिकट डाग उरतो.

या खुणा नुसत्या वाचून पाठ होतील, पण अंगवळणी पडणार नाहीत. त्यासाठी स्वतःच्या हाताने खोटे चित्र करून पाहिले पाहिजे. पतंगाला कण्णी बांधणाऱ्यालाच पतंग गोता का खातो ते कळते. म्हणून शाळांनी या खेळावर बंदी घालू नये, उलट दहावीच्या भिंगाच्या पाठाला तो जोडावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मेणबत्ती, भिंग आणि पडद्याचा प्रयोग आपण वर्षानुवर्षे करत आलो आहोत. त्यात पडदा तिरपा करून पाहण्याची एक ओळ वाढवायला पैसा लागत नाही. एका तासाला मुलांनी शाळेच्या गच्चीवरून चित्रे घ्यावीत, काहींच्या कडा पुसट कराव्यात, काही तशीच ठेवावीत, आणि दुसऱ्या गटाने कोणती कुठली ते कारणांसह सांगावे. कारणाशिवाय दिलेल्या बरोबर उत्तराला गुण देऊ नयेत.

आणि खेळणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. मूळ चित्र कधीही पुसून टाकू नये. बदललेल्या चित्राखाली तसे स्पष्ट लिहावे. ‘कडा मागाहून अंधूक केल्या आहेत’ एवढे चार-पाच शब्द पुरतात. आणि ज्या चित्रावरून कोणी माप घेणार आहे, मदत ठरवणार आहे किंवा न्याय करणार आहे, त्या चित्राला हौसेखातर बोटही लावू नये.

आज आपल्यापैकी बहुतेकांना जग आधी पडद्यावर दिसते आणि प्रत्यक्षात मागाहून, पुष्कळदा कधीच नाही. अशा काळात एखादी वस्तू केवढी आहे, किती दूर आहे, हे स्वतः ताडून पाहता येणे ही लिहिण्यावाचण्याइतकीच गरजेची गोष्ट झाली आहे. तिची पहिली पाटी म्हणजे एक भिंग, एक कागद आणि उघडी खिडकी. या रविवारी कागद थोडा तिरपा धरून पाहा.